आठ-दहा मित्र मिळून सांगलीवर फोटोबुक काढतोय. प्रत्येकाने आपले दहा उत्तम फोटो द्यावेत असं डोक्यात आहे. फोटो निवडायचे कसे आणि एडिटिंग प्रत्येकाने आपापलं करावं का?

एडिटिंग एकानेच करावं. निवडीला सगळे बसा, पण शेवटचा शब्द कुणाचा ते आधी ठरवून घ्या. प्रत्येकाने आपले दहा उत्तम फोटो द्यावेत, ही तुमची कल्पना मात्र सोडा. तसं केलंत तर कृष्णेवरच्या आयर्विन पुलावरचा सूर्यास्त आठ वेळा येईल आणि पुस्तकाची पंगत होईल, प्रत्येकाच्या पानात सारखंच वाढलेलं. आम्ही सांगली-मिरजेची मंडळी अशा एका पुस्तकातून गेलोय, त्यावरून सांगतो.

आधी मूळ फाइली मागवा. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो लांब बाजूला साधारण १६०० पिक्सेलचा उरतो. छपाईला इंचामागे ३०० पिक्सेल धरले तर तो सव्वापाच इंचांच्या वर ताणता येत नाही, म्हणजे पानभर लावायचा विषयच संपला. ड्राइव्हवर टाका नाहीतर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि फाइलच्या नावात काढणाऱ्याचं नाव नको, नुसता क्रमांक ठेवा. नाहीतर ज्याने नवा कॅमेरा घेतलाय त्याचे फोटो सगळ्यांना आपोआप आवडायला लागतात.

मग चार बाय सहाचे स्वस्तातले प्रिंट काढून सतरंजीवर पसरा. फोटोबुकात एकट्या फोटोपेक्षा समोरासमोरच्या दोन पानांना किंमत असते, आणि ते स्क्रीनवर कळत नाही. मिरजेच्या सतारमेकर गल्लीतला टांगलेल्या वाळक्या भोपळ्यांचा फोटो घ्या. एकटा दाखवलात तर त्याला कुणी मत देणार नाही. त्याच्यासमोर अर्धवट झालेल्या तंबोऱ्यावर वाकलेला कारागीर ठेवा, मग वाचणारा पान उलटायचं थांबतो. उलट दोन अव्वल फोटो समोरासमोर आले की एकमेकांना खातात. त्यातला एक पुढे ढकला.

महापुराचे फोटो प्रत्येकाच्या फोनमध्ये असणारच. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विनजवळ धोका पातळी ४५ फूट असताना पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, तेव्हा ते घ्यावेसे वाटणं साहजिक आहे. पण वरून काढलेला पूर कुठल्याही गावाचा वाटतो. मी असतो तर पाणी ओसरल्यावर भिंतीवर राहिलेली चिखलाची रेघ असलेला एकच फोटो ठेवला असता.

आता एडिटिंग. इथे सांगलीची खरी गोम आहे हळद. मार्केट यार्डातल्या सौद्यात हळकुंडांचे ढीग एका फोनमध्ये केशरी येतात, दुसऱ्याच्या कॅमेऱ्यात लिंबासारखे हिरवट. पत्र्याखाली आत ट्यूबलाइट, दारातून ऊन, त्यात ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेड बघून रंग आपोआप जुळवणारी कॅमेऱ्याची सोय, गोंधळतो. त्यावर जो तो आपला फिल्टर चढवतो, आणि पान उलटताना हळदीचा वाणच बदलल्यासारखा वाटतो. म्हणून हळदीचा एक फोटो प्रमाण धरा आणि बाकीचे सगळे त्याला जुळवा. लाइटरूम किंवा फुकटचं डार्कटेबल या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एका फोटोची सेटिंग दुसऱ्यावर टाकता येतात. सारख्या उजेडातले फोटो असले की निम्मं काम तिथेच होतं. फक्त हमालाचं बनियन पांढरं समजून व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर (हा रंग पांढरा-राखाडी धर, असं सॉफ्टवेअरला दाखवायचं टोक) त्यावर टेकवू नका. ते हळदीने पिवळं झालेलं असतं, सॉफ्टवेअर त्याला पांढरं करायला जातं आणि अख्खा फोटो निळा पडतो. मागचा सिमेंटचा राखाडी खांब बघा, तो बरा.

पिवळा ताणायचा मोह आवरा. सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा भडकपणा, वाढवलं की हळकुंडावरच्या वळ्या जातात आणि नुसता पिवळा डाग उरतो. शिवाय कागद स्क्रीनसारखा उजळत नाही. मोबाइलवर झकास दिसलेली सावली छापल्यावर काळीकुट्ट होते. छापखान्याकडून त्याच कागदावर दोन-चार पानांचा नमुना काढून घ्या, त्यात एक हळदीचं, एक सतारीच्या कारखान्यातलं अंधारं. तेवढे पैसे खर्च करायला काचकूच करू नका.

फोनच्या फोटोंच्या बाजूंचं प्रमाण बहुतेक ४:३ आणि कॅमेऱ्याच्या फोटोंचं ३:२ असतं, तेव्हा कातरणं आलंच. चेहरा घडीत जाऊ देऊ नका. काठाला भिडणाऱ्या फोटोला चारही बाजूंनी ३ मिलिमीटर जादा ठेवा, कटिंगमध्ये तेवढं जातं.

पुस्तक विकणार असाल तर ज्याचा फोटो त्याची लेखी परवानगी घ्या. मित्र असला तरी हक्क त्याचाच असतो. फोटोतल्या हमालांना आणि कारागिरांनाही विचारा. काढणाऱ्यांची नावं शेवटच्या पानावर एकत्र द्या. फोटोखाली दिलीत तर पुस्तक हातात आल्यावर प्रत्येक जण आधी आपले किती आलेत ते मोजत बसतो.