जयंती की पुण्यतिथी?

प्रश्न : आमच्या शेजारच्या ख्रिस्ती काकूंच्या कॅलेंडरवर जवळजवळ रोज एखाद्या संताचं नाव असतं. ही त्यांची जयंती की पुण्यतिथी? वसईचे संत गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारीला हुतात्मा झाले असं वाचलं, पण कॅलेंडरवर ते ६ तारखेला आहेत. छपाईची चूक असेल का?
– एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : ताई, चूक नाही. आणि बहुतेक वेळा ती पुण्यतिथीच असते. आळंदीला कार्तिक वद्य त्रयोदशीला गर्दी लोटते ती माउलींच्या समाधीसाठी, जन्मासाठी नव्हे. देहूची बीजही तुकोबांच्या वैकुंठगमनाची. आम्ही संताचा मृत्यूदिन हा त्याचा स्वर्गातला जन्मदिवस मानतो. पृथ्वीवरचा जन्म उपासनेत तिघांचाच साजरा होतो : प्रभू येशूचा, ८ सप्टेंबरला मरियामातेचा आणि २४ जूनला बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचा.

५ फेब्रुवारी हा आधीपासून संत आगाथाचा दिवस. सिसिलीतली ही कुमारिका तिसऱ्या शतकात हुतात्मा झाली, म्हणून मान तिचा. गोन्सालो आणि त्यांचे सोबती दुसऱ्या दिवशी.

नाना पेठेत मी बरीच वर्षं रविवारी मुलांना धर्मशिक्षण दिलं. गोन्सालोंचा धडा मी कधी घाईने उरकला नाही. वडील पोर्तुगीज, आई इथली. ते फादर, म्हणजे धर्मगुरू, नव्हते; फ्रान्सिस्कन ब्रदर, म्हणजे संत फ्रान्सिसच्या संघातले व्रतस्थ बंधू होते. जपानी भाषा त्यांना उत्तम येई, म्हणून १५९३ मध्ये मनिलाहून फादर पेद्रो बाप्तिस्तांबरोबर दुभाषी होऊन ते जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्यासमोर उभे राहिले. पुढे त्याचीच मर्जी फिरली. क्योतोमध्ये कैद्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून त्यांची धिंड काढली, मग ऐन हिवाळ्यात नागासाकीपर्यंत नेलं आणि १५९७ मध्ये तिथल्या टेकडीवर २६ जणांना क्रुसावर मारलं. त्यांत कोवळी मुलंही होती. इथे आलं की वर्गातली पोरं गप्प होत, आणि मलाही थोडं थांबावं लागे. १८६२ मध्ये पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद दिलं. भारतात जन्मलेले ते पहिले संत. हुतात्म्याच्या दिवशी मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, फादर लाल वस्त्रं घालतात. इतर संतांच्या दिवशी पांढरी.

तारखा बदलतातही. संत थोमाचा सण पूर्वी २१ डिसेंबरला असे. तो नाताळच्या तयारीच्या, म्हणजे आगमनकाळाच्या ऐन शेवटच्या दिवसांत येई, म्हणून १९६९ च्या नव्या पंचांगात ३ जुलैला गेला. माझ्या आजोबांचं नाव थोमा. आजीने मरेपर्यंत दोन्ही दिवशी मेणबत्ती लावली. फादरांनी समजावलं, तरी २१ डिसेंबर तिने सोडला नाही. मला ते बरोबरच वाटायचं.

काकूंचं नाव कुठल्या संतावरून ठेवलंय ते विचारा. त्या संताच्या दिवशी त्यांना शुभेच्छा दिल्यात तर वाढदिवसाइतक्याच त्या खूश होतील.