अतिप्रसंग ‘ओढवतो’ की कोणी ‘करतो’?

विचारणा अशी आहे : जुन्या चित्रपटांच्या कथासारात ‘नायिकेवर अतिप्रसंग ओढवतो’ हे वाक्य हमखास भेटतं. अतिप्रसंग म्हणजे बलात्कारच ना? मग सरळ तसं का लिहीत नाहीत? आणि दिग्दर्शिका आयडा लुपिनो यांच्या १९५० सालच्या ‘आउटरेज’ या, बलात्कार हाच विषय असलेल्या अमेरिकी चित्रपटाविषयी मराठीत लिहायचं झालं, तर कोणता शब्द घ्यावा?

आधी शब्दाकडे पाहू. ‘प्रसंग’मध्ये ‘सञ्ज्’ हा धातू आहे; चिकटणं, जोडलं जाणं हा त्याचा अर्थ. संस्कृत शास्त्रग्रंथांत ‘अतिप्रसंग’ ही अगदी कोरडी संज्ञा आहे. एखादा नियम किंवा युक्तिवाद नको तिथेही लागू पडू लागला, की अतिप्रसंगाचा दोष येतो. म्हणजे मूळ कल्पना मर्यादा ओलांडण्याची. मराठीत ती माणसाच्या वागण्याला लागली आणि पुढे बायकांशी केलेल्या वागण्यापुरतीच उरली. मात्र मर्यादा किती ओलांडली, हे शब्द सांगत नाही. हात धरला तरी अतिप्रसंग, बलात्कार केला तरी अतिप्रसंग. बातमी वाचून संपते, तरी नेमकं काय घडलं ते कळत नाही.

मला जास्त खटकतं ते शेजारचं क्रियापद. ‘प्रसंग’ या शब्दाला मराठीत संकटाचीही छटा आहे. बाका प्रसंग येतो, प्रसंग गुदरतो, प्रसंग ओढवतो. पूर ओढवतो, दुष्काळ ओढवतो, तसाच ‘अतिप्रसंग ओढवतो’. या वाक्यात बाई आहे, आपत्ती आहे, पण करणारा पुरुष कुठेच नाही. तो व्याकरणातूनच सुटला. ‘त्याने तिच्यावर बलात्कार केला’ असं लिहिलं की त्याला निदान वाक्यात तरी उभं राहावं लागतं.

आता ‘आउटरेज’. हा शब्द ऐकला की ‘आउट’ आणि ‘रेज’ मिळून संताप, असं वाटतं. व्युत्पत्ती वेगळी आहे. हा जुन्या फ्रेंचमधून आलेला शब्द, आणि त्याच्या मुळाशी आहे लॅटिन ‘उल्ट्रा’, म्हणजे पलीकडे. आपला ‘अति’ही तेच सांगतो. दोन दूरच्या भाषांनी एकाच गोष्टीसाठी एकसारखाच आडोसा शोधला. इंग्रजांच्या १८६० च्या दंडसंहितेतल्या कलम ३५४ मध्येही स्त्रीच्या विनयाला ‘आउटरेज’ करणं अशीच शब्दयोजना होती. आपला ‘विनयभंग’ तिथला. बलात्काराचं कलम मात्र वेगळं होतं, ३७५, म्हणून हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत.

लुपिनो यांना आडोसा घेणं भागच होतं. तेव्हाच्या हॉलिवूडवर निर्मितीसंहितेचा, म्हणजे पडद्यावर काय दाखवावं याच्या नियमावलीचा, अंमल होता. बलात्कार केवळ सूचित करावा, तोही कथेला अत्यावश्यक असेल तरच, असं त्या संहितेत लिहिलं होतं. त्यामुळे अख्ख्या चित्रपटात बलात्कारासाठीचा इंग्रजी शब्द एकदाही उच्चारला जात नाही. ‘गुन्हेगारी हल्ला’ अशा अर्थाचे शब्द येतात. रात्री कामावरून निघालेल्या नायिकेचा, म्हणजे अ‍ॅनचा ओस पडलेल्या रस्त्यांवरून पाठलाग होतो, आणि हल्ल्याच्या क्षणी कॅमेरा तिच्यापासून दूर जातो. पण पुढे लुपिनो जे दाखवतात त्यात कसलीही आडपडदा-भाषा नाही. शेजाऱ्यांच्या नजरा, कचेरीतले असह्य होत जाणारे साधे आवाज, ठरलेलं लग्न आणि घर सोडून अ‍ॅनचं निघून जाणं. शब्द गाळावा लागला, त्यानंतरचं गाळलं नाही. नऊ वर्षांनी, १९५९ मध्ये ओटो प्रेमिंजर यांच्या ‘अ‍ॅनाटॉमी ऑफ अ मर्डर’मध्ये तो शब्द भर कोर्टात मोठ्याने बोलला गेला. तिथे अंतर्वस्त्राला कोणता शब्द वापरावा यावर न्यायाधीश वकिलांना जवळ बोलावून चर्चा करतात, आणि मग लोकांना बजावतात की हसायचं ते आत्ताच हसून घ्या, एका माणसाचा जीव गेला आहे आणि दुसऱ्याला तुरुंगात जावं लागू शकतं. शब्दचर्चा करणाऱ्या कुणीही तो प्रसंग जरूर पाहावा.

आपल्याकडच्या पडद्यावर आडोशाचा शब्द वेगळा होता : हिंदीत ‘इज्जत’, मराठीत ‘अब्रू’. अब्रू ही फारसी ‘आबरू’. ‘आब’ म्हणजे पाणी, तेज. ‘रू’ म्हणजे चेहरा. चेहऱ्यावरचं पाणी. ‘आता मी कुणाला तोंड दाखवू’ हा संवाद याच कल्पनेतून येतो. आणि अब्रू ‘लुटली’ जाते, म्हणजे ती ठेव झाली, बहुधा घराण्याची. अब्रूनुकसानीच्या दाव्यातही हीच अब्रू आहे. ती लोकांच्या डोळ्यांत असते. बाईचं शरीर, तिची भीती, तिची झोप यांतलं काहीच या शब्दात मावत नाही. म्हणून मला माणिक चॅटर्जी यांचा १९७८ चा ‘घर’ मोलाचा वाटतो. रात्री सिनेमा पाहून पायी परतणारं जोडपं, चार जणांचा हल्ला, आणि मग पुढचा चित्रपट रेखाने उभी केलेली आरती नवऱ्याच्या स्पर्शानेही कशी दचकते, यावर थांबतो. तिथे लुटलेल्या ठेवीचा हिशेब नाही, एक घाबरलेलं माणूस आहे.

‘बलात्कार’ हा शब्द जुना आहे, पण त्याचा आजचा एकमेव अर्थ जुना नाही. बलात् म्हणजे बळाने. जुन्या मराठी गद्यात ‘बलात्काराने’ म्हणजे नुसतं ‘जबरदस्तीने’. कारंजा लाड इथे दिगंबर जैनांच्या ‘बलात्कार गण’ या साधुपरंपरेचं मंदिर आहे, नाव वाचून दचकणाऱ्यांनी हा जुना अर्थ आठवावा. मला या शब्दाचं बळ इथेच दिसतं. तो मर्यादा, विनय, अब्रू यांतल्या कशाकडेही पाहत नाही. बळ कुणीतरी वापरलं, एवढंच सांगतो.

तेव्हा ‘आउटरेज’चं शीर्षक मराठीत समजावताना ‘अतिप्रसंग’ जरूर वापरा, त्याहून जवळचा शब्द आपल्याकडे नाही. कथा सांगताना मात्र असं लिहा : ‘अ‍ॅनवर एक माणूस बलात्कार करतो.’ आणि त्याच वाक्यात थांबू नका, कारण चित्रपट त्याच्या पुढे सुरू होतो.