डोळा लाल, मग एक्स-रे कमरेचा कशासाठी?

प्रश्न : आम्ही रावेर तालुक्यातील केळी उत्पादक आहोत. माझ्या 28 वर्षांच्या मुलाचा डोळा दीड वर्षात तीन वेळा लाल झाला. दोनदा उजवा, एकदा डावा. उष्णता वाढली असेल किंवा केळीचा चीक उडाला असेल, असे समजून आम्ही मेडिकलमधून थेंब आणून घातले. या वेळी नेत्रतज्ज्ञांनी सकाळी कंबर आखडते का, असे विचारले आणि कमरेचा एक्स-रे व रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या. डोळ्याचा आणि कमरेचा काय संबंध? हा खर्च आवश्यक आहे का?

उत्तर : आवश्यक आहे, आणि तो प्रश्न विचारणारे डॉक्टर आपल्याला भेटले हे बरे झाले. मे महिन्यात आपल्या खानदेशात लाल डोळ्याचे खापर उन्हावर फुटतेच. पण डोळे येतात तेव्हा खाज सुटते, चिपडे येतात, सकाळी पापण्या चिकटतात. चिपडे नाहीत, उजेड सहन होत नाही, डोळा आतून ठणकतो, धूसर दिसते आणि लाली बुबुळाच्या कडेभोवती दाटते, तेव्हा डोळ्याच्या आतील रंगीत पडद्याला सूज आल्याची शंका घ्यावी लागते. तिला युव्हायटिस म्हणतात. ती तरुणपणी, एका वेळी एकाच डोळ्यात आणि आलटून पालटून येत असेल, तर मणक्याच्या संधिवाताचा, म्हणजे अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसचा, शोध घेणे भाग असते. या आजाराच्या साधारण चारांपैकी एका रुग्णाला कधी ना कधी हा डोळ्याचा त्रास होतो, आणि काहींच्या बाबतीत आजाराचे निदान डोळ्यामुळेच होते.

शेतात राबणाऱ्याची कंबर दुखायचीच, असे आपण म्हणाल. मात्र घड वाहून दुखावलेली कंबर विश्रांतीने हलकी होते. या संधिवातातील कंबर पडून राहिल्याने अधिक आखडते, उत्तररात्री झोपमोड करते आणि उठून अर्धा-पाऊण तास हालचाल केली की मोकळी होते. मुलाला नेमके हेच विचारावे.

रक्ताच्या तपासणीत बहुधा एचएलए बी-27 या जनुकाची चाचणी असेल. या जनुकाचा या आजाराशी असलेला संबंध 1973 मध्ये समोर आला. चाचणी ‘पॉझिटिव्ह’ आली म्हणजे आजार झालाच असे नव्हे, कारण हा जनुक असलेल्या बहुतेकांना आजार कधीच होत नाही. आपल्या देशात क्षयरोगही डोळ्याला अशीच सूज आणू शकतो, म्हणून त्याची तपासणीही टाळू नये.

मेडिकलमधील थेंबांविषयी मात्र स्पष्ट बोलावे लागेल. त्यांत स्टिरॉइड असेल आणि ते देखरेखीविना वारंवार घातले गेले असेल, तर डोळ्याचा दाब वाढू शकतो व मोतीबिंदू होऊ शकतो. युव्हायटिसवर स्टिरॉइडचेच थेंब देतात हे खरे, परंतु ते तपासणी करत हळूहळू कमी करायचे असतात. सोबत बाहुली मोठी करणारे थेंबही लागतात, नाहीतर रंगीत पडदा मागच्या भिंगाला चिकटतो.

सुरुवातीच्या काळात एक्स-रे निर्दोष येऊ शकतो. तसे झाले आणि सकाळची आखडण कायम राहिली, तर डोळ्याचे सर्व कागद घेऊन संधिवाततज्ज्ञांना दाखवावे. ते एमआरआय सुचवतील.