४९ व्या वर्षी ऑटिझमचं निदान झालं; आईला आणि भावाला कसं सांगू?

तुम्ही लिहिलंय की निदानाचा कागद दोन महिने कपाटात पडून आहे आणि आई 'या वयात हे काय नवीन काढलंस' म्हणेल याची धास्ती वाटते. माझं निदान तीन वर्षांपूर्वी झालं, ४७ व्या वर्षी. मीही तो कागद असाच ठेवून दिला असता, पण तो तयार होण्याआधीच आई त्यात आली होती.

ऑटिझम म्हणजे मेंदूची घडणच वेगळी; आवाज, स्पर्श, माणसांची गर्दी हे सगळं वेगळं जाणवतं. तो जन्मापासूनचा असतो. त्यामुळे मोठ्या माणसाचं निदान करतानाही लहानपणच्या खुणा शोधाव्या लागतात. आमच्या सायकॉलॉजिस्ट बाईंनी विचारलं, घरात कुणी वडीलधारं आहे का? मी कराडला फोन लावला. ऑटिझम, स्वमग्नता, काही बोलले नाही. "आई, मी लहानपणी कशी होते ते एका बाईंना सांगायला येशील का?" एवढंच विचारलं.

आई आली. पहिली पंधरा मिनिटं नुसतं कौतुक: हुशार होती, कसलाच त्रास नव्हता. मग बाईंनी कपड्यांचं विचारलं, तशी ती सहज म्हणाली, "हिच्या फ्रॉकची मानेमागची पट्टी मी ह्यांच्या दाढीच्या पात्यानं उसवायचे. नाहीतर दिवसभर रडायची. भात-आमटी वेगवेगळी, कालवलेलं चालायचं नाही. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी हिला परसात पाठवायचे."

पट्टीचं मला काहीच आठवत नव्हतं. आई मला माणूसघाणी म्हणायची, म्हणून चाळीस वर्षं मी धरून चालले होते की तिला मी कधी कळलेच नाही. आणि ती तर रोज पातं घेऊन बसत होती. मी तिथेच रडले. आईला कळेना काय झालं.

म्हणून मनापासून सांगते, कागद दाखवून सुरुवात करू नका. आधी विचारा: मी काय खायचे, कशाला घाबरायचे, लग्नाकार्यात कुठे जाऊन बसायचे? त्यांना सांगू द्या. शब्द नंतर आला तरी चालतो.

परतताना रिक्षात आईनं हळूच विचारलं, "माझं काही चुकलं का गं?" हा प्रश्न तुमच्याही घरी येईल, त्याची तयारी ठेवा. एके काळी डॉक्टरच आईच्या कोरडेपणाला दोष द्यायचे. १९६४ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी ते खोडून काढलं. त्यांचा स्वतःचा मुलगा ऑटिस्टिक होता. ऑटिझमला आनुवंशिकतेचा मोठा आधार आहे, संगोपनाचा दोष नाही, हे मी आईला सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तुझे बाबा पंगतीत कधी बसले नाहीत. सगळ्यांचं झाल्यावर स्वयंपाकघरात एकटेच जेवायचे." बाबांना जाऊन अकरा वर्षं झालीत. त्या संध्याकाळी आम्ही फक्त त्यांच्याबद्दल बोललो.

भावाचं मात्र सोपं गेलं नाही. २००४ मध्ये त्याच्या लग्नात मी स्टेजवर गेले नव्हते. कार्यालयामागच्या भांड्यांच्या खोलीत बसून होते. निदान सांगितल्यावर मला वाटलं, आता त्याला उलगडेल. तो म्हणाला, "असेल तुला त्रास, पण मला त्या दिवशी काय वाटलं त्याचं काय?" माझ्या ओठांवर उत्तर तयार होतं. मी ते दिलं नाही. त्याचं दुःखही खरंच होतं. मी फक्त ऐकलं, आणि चुकलं म्हणाले. तुम्हीही निदान ढालीसारखं पुढे धरू नका, विशेषतः भावंडांपुढे.

दिव्यांग हक्क कायद्यात, २०१६ च्या, ऑटिझम आहे. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र घ्यायचं की नाही ते सावकाश ठरवा, पण घरच्यांशी पहिल्यांदा बोलताना तो विषय नको.

भाऊ अजूनही ऑटिझम हा शब्द उच्चारत नाही. पूर्वी तो बेल न वाजवता चार माणसं घेऊन यायचा. हल्ली आदल्या दिवशी मेसेज येतो: "ताई, उद्या पाचला येतोय. एकटाच आहे."