दाराला कुलूप नव्हतं, तरीही

पोरी,

काल फोनवर म्हणालीस, "मावशी, मला कुणी कोंडलं नव्हतं. दूध आणायला एकटीच जायचे. मग मी कसली पीडित?"

पासपोर्ट मॅडमच्या कपाटात, पगार 'गावी पाठवतो' म्हणून कधीच न पोहोचलेला, आणि रोजचा दम : पोलिसांकडे गेलीस तर तुलाच परत धाडतील. कुलूप ते हेच. अमेरिकेच्या २००० सालच्या मानवी तस्करीविरोधी कायद्यात बळजबरीइतकीच फसवणूक आणि धाकदपटशाही मोजतात. कत्रिना वादळानंतर मिसिसिपीत सिग्नल इंटरनॅशनलच्या कामावर आलेले आपल्याकडचे वेल्डर-फिटर आठव. कर्ज काढून एजंटांना दहा हजार डॉलरच्या वर मोजलेले. त्यांच्याही पायात बेड्या नव्हत्या. त्यांतल्या कित्येकांना टी व्हिसा, म्हणजे अशा तस्करीच्या पीडितांना अमेरिकेत राहू देणारा व्हिसा, मिळाला, आणि २०१५ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या ज्यूरीने पाच जणांना १ कोटी ४० लाख डॉलर देवविले.

त्याच व्हिसासाठी तुझा अर्ज म्हणजे फॉर्म आय-९१४. फी नाही. तू पीडित असल्याचं पोलिसांचं पत्र मिळालं तर उत्तम, पण त्यावाचून अडत नाही. तपासाला वाजवी मदत मात्र करावी लागते. पोलिसांकडे वकिलाबरोबरच जा. वकील खरा हवा. 'फॉर्म भरून देतो' म्हणणारे काका नकोत, मग ते मंडळात कितीही मानाचे असोत.

सगळ्यात वजन असतं तुझ्या निवेदनाला. ते मराठीतच लिही. इंग्रजी मी करीन आणि भाषांतर बरोबर असल्याची सहीही देईन. 'माझा छळ झाला' एवढ्यावर थांबू नकोस. किती वाजता उठायचीस, कुठे झोपायचीस, दुखलंखुपलं तर काय ऐकवायचे, ते लिही. तारीख आठवत नसेल तर ठोकून देऊ नकोस, गणपतीच्या आधी की नंतर एवढं सांगितलंस तरी चालेल. आणि व्हिसाच्या मुलाखतीत पढवलेलं खोटं बोललीस, ते लपवू नकोस. त्यासाठी माफीचा वेगळा अर्ज असतो. लपवलेलं नंतर सापडलं, तर खऱ्यावरही कुणी विश्वास ठेवत नाही.

दोन गोष्टी मात्र घाईच्या. आई आजारी असली तरी वकिलाला विचारल्याशिवाय गावी जाऊ नकोस. तस्करीमुळे तू या देशात आहेस, हीच अर्जाची एक अट आहे. आणि तुझा एकविसावा वाढदिवस. अर्ज त्याआधी पोहोचला तर आईला आणि अठराच्या आतल्या भावालाही त्यात धरता येतं. नंतर, त्यांच्यावर सूड उगवला जाण्याचा धोका असल्याशिवाय, नाही.

शनिवारी ये, वही घेऊन. सुरुवात विमानतळापासून नको. ती बाई पहिल्यांदा तुमच्या ओट्यावर येऊन बसली, आईने चहा टाकला, त्या दिवसापासून लिही.

तुझी,
मावशी