सुदानची पोरं आपल्या कोल्हापुरात कशी काय?

प्रश्न : ताई, आमचं घर सागरमाळला, वरच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत. युनिव्हर्सिटीत शिकायला आलेली दोन सुदानची पोरं खोली बघून गेली, बोलायला एकदम अदबशीर. पण घरात सगळे म्हणतात कशाला परदेशी माणसाची कटकट. एवढ्या लांबून ही मुलं इथं येतात तरी का, आणि अजून कुठकुठून येतात? खोली द्यावी का?
– एक वाचक, सागरमाळ

उत्तर : वहिनी, शेवटचं आधी सांगते, द्या. बिनधास्त द्या.

आता कुठून येतात ते. आपल्याला वाटतं परदेशी म्हणजे गोरा, पण सरकारचा २०१९-२० चा उच्च शिक्षणाचा सर्व्हे बघा, देशभरात परदेशी विद्यार्थी होते ४९,३४८ आणि ते १६८ देशांतले. त्यातले २८ टक्के एकट्या नेपाळचे! मग अफगाणिस्तान ९ टक्के, पुढं बांगलादेश, भूतान आणि पाचव्या नंबरला तुमचं सुदान. म्हणजे बहुतेक शेजारचे, नाहीतर जिथं चांगलं कॉलेज मिळणं अवघड आहे तिथले.

का येतात याची कारणं प्रत्येक देशाची वेगळी. नेपाळच्या पोराला व्हिसाच लागत नाही, १९५० च्या करारापासून बॉर्डर उघडी आहे, बॅग उचलली की आला. अफगाणी मुलं बरीचशी आयसीसीआरच्या स्कॉलरशिपवर यायची, ही परदेशांशी सांस्कृतिक संबंध जोडणारी आपल्या सरकारची संस्था, मौलाना आझादांनी १९५० साली सुरू केली, फी आणि राहण्याखाण्याचा खर्च त्यातून निघतो. मग ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल पडलं, आपल्या सरकारने आधी दिलेले व्हिसा रद्द केले आणि सुट्टीला घरी गेलेली कितीतरी पोरं तिकडंच अडकली, अर्धी डिग्री इथं आणि स्वतः तिथं. मला त्याचं अजून वाईट वाटतं.

सुदानचं म्हणाल तर तिथली पोरं पुण्यात कित्येक वर्षांपासून येतायत. युरोपच्या मानाने फी कमी, शिकवणं इंग्लिशमध्ये, आणि मुख्य म्हणजे कुणाचा तरी मोठा भाऊ नाहीतर मामा आधी इथं शिकून गेलेला असतो. माझं तर स्पष्ट मत आहे की जाहिराती बघून फार कमी मुलं येतात, ओळखीचा माणूस "ये, मी आहे" म्हणाला की येतात. आपली गडहिंग्लज-चंदगडची पोरं पुण्याला जातात ती तरी कशी, गावातला कोणीतरी आधी तिथं रूम करून असतो म्हणूनच ना. आणि एप्रिल २०२३ पासून सुदानमध्ये यादवी पेटलीय, खार्तूमची कॉलेजं पार कोलमडली. म्हणजे तुमच्याकडं आलेल्या पोरांना मध्येच घरी जातो म्हणायची सोयसुद्धा नाही हे ध्यानात ठेवा.

गडहिंग्लजवरून आठवलं. सिंबायोसिसचे डॉ. शां. ब. मुजुमदार तिथलेच. फर्ग्युसनला प्राध्यापक आणि होस्टेलचे रेक्टर असताना त्यांना एक मुलगी मुलांच्या होस्टेलच्या खिडकीतून काहीतरी देताना दिसली. चौकशी केली तर आत मॉरिशसचा मुलगा काविळीने झोपून होता, बघणारं कोणी नव्हतं, म्हणून ती बिचारी जेवण आणून द्यायची. तिथून त्यांच्या मनात परदेशी मुलांसाठी काहीतरी करायचं आलं आणि १९७१ ला सिंबायोसिस उभं राहिलं. आणि आपल्या कोल्हापूरला तर ही सवय शाहू महाराजांनी १९०१ पासून लावलीय, व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, जैन बोर्डिंग, मग एकेका समाजाची बोर्डिंगं निघत गेली, बाहेरगावच्या पोराला छप्पर द्यायचं हे या गावाला शिकवायला नको.

नियम मात्र पाळा. परदेशी माणूस राहायला आला की घरमालकाने २४ तासांच्या आत ऑनलाईन कळवायचं असतं, पासपोर्ट आणि व्हिसाची झेरॉक्स घ्या, भाडेकरार करा, अडलं तर एसपी ऑफिसला विचारा. जेवणाचं टेन्शन घेऊ नका, सुदानची किसरा ज्वारीचीच असते, पीठ आंबवून तव्यावर आंबोळीसारखं पातळ पसरतात. तुमची भाकरी त्यांना परकी वाटायची नाही.

प्रश्न : माझा मुलगा इंजिनीअर, एमएससाठी जर्मनीला जातो म्हणतोय, तिकडं फुकट आहे म्हणे. खरंय का? आपली मुलं तिकडं असतात का?
– एक पालक, इचलकरंजी

उत्तर : असतात म्हणजे काय, आता तिथं परदेशी विद्यार्थ्यांत सगळ्यात जास्त भारतीयच आहेत, २०२३-२४ च्या हिवाळी सेमिस्टरला ४९ हजारांच्या वर, चीनसुद्धा मागं पडला. बऱ्याच सरकारी युनिव्हर्सिटीत ट्यूशन फी नाही हे खरं, पण सगळीकडं नाही. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरच्या मुलांना सेमिस्टरला १,५०० युरो पडतात, म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनेही २०२४ पासून फी सुरू केलीय. शिवाय व्हिसासाठी वर्षाचा खर्च आधीच ब्लॉक्ड अकाउंटमध्ये दाखवावा लागतो, सप्टेंबर २०२४ पासून तो ११,९०४ युरो आहे, म्हणजे दहा लाखांच्या वरच. ते पैसे बुडत नाहीत, दर महिन्याला त्यालाच खर्चाला मिळतात, पण एकदम उभे करावे लागतात, त्यामुळं लोनचं आत्ताच बँकेत बोलून ठेवा. आणि एपीएस सर्टिफिकेटशिवाय, म्हणजे इथल्या मार्कशीट-डिग्री खऱ्या आहेत असा जर्मनीच्या बाजूने तपासून दिलेला दाखला, व्हिसाची फाईल पुढं सरकत नाही, मार्कशीट गोळा करून त्याचा अर्ज सगळ्यात आधी टाकायला सांगा त्याला.