ऑटोकम्प्लिटमध्ये (टिंब दाबल्यावर एडिटर सुचवतो त्या यादीत) मेथडच्या पॅरामीटरची, म्हणजे तिला द्यायच्या मूल्यांची, खरी नावं न येता आर्ग०, आर्ग१ का येतं? सीनियर म्हणतात त्याने काही फरक पडत नाही, डॉक्युमेंटेशन वाच. खरंच फरक पडत नाही का?

फरक पडतो, खूप पडतो, आणि तुमच्या प्रश्नातल्या त्या सीनियरच्या वाक्यासाठीच हे उत्तर लिहायला बसलेय.

जावा धरून चालते, कारण आर्ग० हे तिथलंच दुखणं. लायब्ररीचा सोर्स जार (मूळ कोडची फाइल; जार म्हणजे जावाचं पॅकेज) मिळत असेल तर तो जोडा, एक्लिप्समध्ये 'अटॅच सोर्स', इंटेलिजेमध्ये 'डाउनलोड सोर्सेस', नावं लगेच दिसतील. सोर्स मिळत नसेल तर एडिटरच्या सेटिंगमध्ये शोधत बसू नका. नावं क्लास फाइलमध्ये, म्हणजे कम्पाइल होऊन तयार झालेल्या फाइलमध्ये, गेलेलीच नाहीत, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. ती घालायचं काम लायब्ररी बांधणाऱ्याचं आहे.

आता माझा अनुभव. मी आधी जिथे होते तिथे गोदामांच्या स्टॉकची सिस्टम होती. कोअर टीम आम्हाला फक्त जार द्यायची, सोर्स नाही, आणि बाहेर दिसायचे ते सगळे इंटरफेस, म्हणजे मेथडची नुसती घोषणा, आतला कोड नाही. त्यात स्टॉक हलवायची एक मेथड होती, एक्लिप्समध्ये टिंब दाबलं की दिसायचं: स्ट्रिंग आर्ग०, स्ट्रिंग आर्ग१, स्ट्रिंग आर्ग२, इंट आर्ग३, बूलियन आर्ग४. पहिला आयटम कोड हे कळतं, पण पुढच्या दोन स्ट्रिंगमध्ये (म्हणजे मजकुरात) कुठून कुठलं आणि कुठे कुठलं? आमच्या टीममध्ये नवीन आलेल्या मुलाने त्याच इंटरफेसमधल्या शेजारच्या मेथडवरून अंदाज बांधला, तिथे माल जिथे जायचा ते गोदाम आधी होतं, इथे उलटं. दोन्ही स्ट्रिंग, कम्पायलर काय बोलणार? टेस्टच्या डेटामध्ये दोन्ही गोदामांत भरपूर स्टॉक होता त्यामुळे तिथेही सगळं हिरवं. लाइव्ह गेल्यावर माल भरणारी माणसं रिकाम्या रॅकसमोर उभी राहिली आणि स्क्रीनवर मात्र स्टॉक शिल्लक.

मीटिंगमध्ये सगळं त्या मुलाच्या डोक्यावर. कोअर टीमचा लीड म्हणाला पीडीएफमध्ये क्रम लिहिलाय, वाचायला काय झालं. ती पीडीएफ मी उघडून दाखवली, त्यात ही मेथड चारच पॅरामीटरची होती, शेवटचा बूलियन (हो की नाही सांगणारा) नंतर आला आणि पीडीएफ कोणी बदललीच नाही. डॉक्युमेंटेशन वाच म्हणणाऱ्यांनी आधी ते स्वतः कधी अपडेट केलं ते सांगावं.

मग तो लीड म्हणाला, आम्ही '-जी' (डीबगची माहिती घालणारा कम्पायलरचा स्विच) लावूनच कम्पाइल करतो, नावं जातातच, तुमचा एडिटर जुना असेल. हे अर्धंच खरं होतं आणि तिथे मला खरा राग आला. '-जी'ने नावं लोकल व्हेरिएबल टेबलमध्ये जातात, आणि ते टेबल मेथडच्या कोडला चिकटलेलं असतं. इंटरफेसच्या मेथडला बॉडीच नाही, मग कोड नाही, टेबल नाही, नावंही नाहीत. मी त्यांच्याच जारवर 'जावापी -व्ही' (क्लास फाइलच्या आत काय आहे ते दाखवणारी कमांड) चालवलं, साध्या क्लासमध्ये नावं व्यवस्थित दिसत होती आणि इंटरफेसमध्ये नुसते टाइप. यासाठी जावा ८ मध्ये, म्हणजे २०१४ पासून, '-पॅरामीटर्स' नावाचा वेगळा स्विच आहे, तो लावला की मेथड पॅरामीटर्स म्हणून वेगळी नोंद क्लास फाइलमध्ये जाते, बॉडी असो वा नसो. बिल्डमध्ये एका ओळीचं काम, मेव्हन या बिल्डच्या टूलमध्ये तर नुसती प्रॉपर्टी.

त्यावर उत्तर काय, तर जार मोठी होईल आणि आतली नावं बाहेर कळतील. अहो, पब्लिक मेथडच्या पॅरामीटरचं नाव ही आतली गोष्ट असतेच कशी? ती दुसऱ्यांनी वापरावी म्हणूनच बाहेर दिलीय ना? आणि जारचं म्हणाल तर त्या मेथडची पाचही नावं मिळून शंभर अक्षरं भरत नव्हती. तरी बिल्ड मी तिथे असेपर्यंत बदलला नाहीच. पुढे स्प्रिंग या जावा फ्रेमवर्कनेही ६.१ मध्ये डीबगच्या टेबलातून नावं ओळखणं बंद केलं, आता त्यांनाही नावं हवी असतील तर हाच स्विच लागतो. मी हेच सांगत होते की डीबगच्या माहितीवर विसंबून राहू नका.

बाकी भाषांचं थोडक्यात. सी शार्पमध्ये नावं कम्पाइल झालेल्या फाइलच्या मेटाडेटात (सोबतच्या माहितीत) असतातच, त्यामुळे हा प्रश्न येत नाही. सी-मध्ये हेडरमध्ये, जिथे फंक्शनची नुसती घोषणा (प्रोटोटाइप) असते, नुसतं 'इंट, इंट' लिहून सोडणारे लोक आहेत, लिनक्स कर्नलच्या स्टाइलमध्येसुद्धा प्रोटोटाइपला नावं द्या असं सांगितलंय. पायथनमध्ये डेकोरेटर (दुसऱ्या फंक्शनला गुंडाळणारं फंक्शन) लिहिताना फंकटूल्सचं 'रॅप्स' विसरलात की एडिटरला नुसते आर्ग्ज, क्वार्ग्ज दिसू शकतात.

एक राहिलं, जार ऑब्फस्केट होऊन, म्हणजे आतली नावं मुद्दाम बिघडवून, येत असेल तर स्विच लावूनही नावं उडतील, प्रोगार्ड या ऑब्फस्केट करणाऱ्या टूलमध्ये ती ठेवायला वेगळा पर्याय द्यावा लागतो. आणि सोर्समध्येच 'एस१', 'फ्लॅग', 'डेटा' अशी नावं असतील तर नावं दिसूनही उपयोग शून्य. नाव असं हवं की टिंब दाबल्यावर दुसरं काही उघडावं लागू नये. त्यातही शेवटचा बूलियन असेल तर मी नावावरही भागवणार नाही, तिथे इनम (ठरावीक नावांचे पर्याय असलेला टाइप) करा, कारण कॉल वाचताना नुसतं 'ट्रू' दिसतं आणि सहा महिन्यांनी कोणालाच आठवत नाही कशाचं ट्रू.

तुमच्या सीनियरशी वाद घालत बसू नका, त्यांच्यासमोर त्या इंटरफेसवर 'जावापी -व्ही' चालवा, मग '-पॅरामीटर्स' लावून बांधलेल्या जारवर चालवा आणि दोन्ही आउटपुट शेजारी ठेवा. तरीही डॉक्युमेंटेशन वाच म्हणाले तर त्या मेथडचं पान उघडून द्या आणि त्यातला क्रम कोडशी जुळतोय का ते त्यांनाच तपासायला सांगा.